खुलासा: नुसत्या विवाह दाखल्यावर ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा मिळत नाही

‘नोंदणीचा दाखला आणि लग्नाचा अल्बम जोडला की ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा नक्की; मात्र आधी वर्षभर एकत्र राहिलेलं पाहिजे,’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. (पार्टनर व्हिसा म्हणजे तिथल्या माणसाच्या नवऱ्याला, बायकोला किंवा जोडीदाराला मिळणारा व्हिसा.) दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. कृपा करून तो पुढे ढकलू नका.

दाखल्यानं लग्न कायदेशीर आहे एवढंच कळतं. नातं खरं आहे का, हे अधिकारी वेगळं तपासतात. तिथल्या १९९४ च्या नियमावलीत त्यासाठी चार बाजू दिल्यात: पैशाचे व्यवहार, घरसंसार, लोकांमधली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी.

माझ्या पुतणीची फाइल मी स्वतः लावली. जोतिबावर गुलालात माखलेल्या दोघांचा फोटो त्यात होताच. पण मला मोलाचे वाटले ते साधे कागद: तिच्या नवऱ्यानं दरमहा पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, रोज रात्रीच्या व्हिडिओ कॉलची यादी, सासूबाईंच्या ऑपरेशनला तो आला तेव्हाचं विमानाचं तिकीट. लग्नपत्रिकेत तिचं सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं. तो फरक आम्ही लेखी समजावला. मराठी लग्नपत्रिकेचं इंग्रजी भाषांतरही जोडावं लागतं.

बारा महिन्यांची अट लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांसाठी आहे, त्यालाही अपवाद आहेत. नवराबायकोला ती लागू नाही. नोकरीमुळे दोघं सध्या दोन देशांत असली तरी अर्ज करता येतो. कायमची विभक्त नसली म्हणजे झालं.