पुरावा मागणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

रुग्णालयांनी नवी उपकरणे कशी पारखून घ्यावीत या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : मी तंत्रज्ञानविरोधी आहे; नियामकांनी मान्यता दिल्यावर रुग्णालयाने पुन्हा पारख करत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे; किमती कालांतराने उतरतातच. आणि शेवटी हे वाक्य : "पुरावा येईपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांच्या हातून रुग्ण मरतात, खाटेजवळ कधी उभ्या राहिल्या असतात तर असे लिहिले नसते."

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु एखाद्याच्या हातून रुग्ण मरतात असे लिहिणे हा मतभेद नव्हे, तो आरोप आहे, आणि तो करताना आपण एकही उदाहरण देण्याची तसदी घेतलेली नाही. माझ्या नोकरीचा मोठा भाग अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून गेला, त्यानंतर मी उपकरण खरेदी समितीवर होते. खाटेजवळ उभे राहणे म्हणजे काय हे मला आपल्याकडून शिकायचे नाही. उलट तिथे उभे राहिल्यामुळेच मी तो लेख लिहिला, कारण रुग्णासाठी आपण काहीतरी करत आहोत ही भावना किती बलवान असते आणि किती वेळा फसवते, हे त्या जागेवरून जितके स्पष्ट दिसते तितके कुठूनही दिसत नाही.

आपल्या वाक्यातला विचार नवा नाही. 1940च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी अद्ययावत इन्क्युबेटर आले आणि त्यांत मुबलक प्राणवायू देता येऊ लागला. बाळाचा रंग सुधारे, श्वास सुरळीत होई. फायदा डोळ्यांना दिसत होता. त्याच काळात अशा बाळांमध्ये अंधत्वाची एक नवी साथच सुरू झाली. प्राणवायूवर संशय घेऊन वॉशिंग्टनमधील गॅलिंजर रुग्णालयात अभ्यास सुरू झाला, तेव्हा काही परिचारिका रात्री कमी प्राणवायूच्या गटातील बाळांचा प्राणवायू गुपचूप वाढवत असत. त्यांना वाटे की डॉक्टर मंडळी पुराव्याच्या नादात या बाळांचा जीव घेत आहेत. अगदी आपल्यासारखेच. त्या माझ्याच व्यवसायातल्या होत्या, त्यांचा हेतू निर्मळ होता आणि त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केले असते. परंतु 1953-54 मध्ये अमेरिकेतील 18 रुग्णालयांनी मिळून चाचणी केली, आणि सरसकट जास्त प्राणवायू मिळालेल्या बाळांमध्ये अंधत्व कितीतरी अधिक असल्याचे सिद्ध झाले. तोवर जगभरात सुमारे 10,000 बाळांची दृष्टी गेली होती असा अंदाज आहे. ही बाळे कोणाच्या हातून आंधळी झाली, याचे उत्तर आपल्या वाक्यात सापडत नाही.

एक गोष्ट मात्र मी आपल्या बाजूने मान्य करते. त्या निष्कर्षानंतर सर्वत्र प्राणवायूवर सरसकट मर्यादा आली, आणि त्यामुळे श्वसनाच्या त्रासाने काही बाळे दगावली असावीत असे पुढील अभ्यासांतून समोर आले. तेव्हा अतिसावधगिरीलाही किंमत असते, हे खरे. पण हेदेखील कळले ते मोजल्यामुळेच. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रक्तातील प्राणवायूची पातळी 85 ते 89 टक्के ठेवलेल्या बाळांची तुलना 91 ते 95 टक्के ठेवलेल्या बाळांशी केली गेली. कमी पातळीच्या गटात अंधत्वाला कारण ठरणारा दृष्टिपटलाचा गंभीर विकार कमी आढळला, परंतु मृत्यू अधिक झाले. खाटेजवळ उभे राहून हा फरक कोणाच्याही नजरेला दिसला नसता.

हे जुन्या काळचे म्हणून आपण झटकून टाकाल, म्हणून अलीकडचे सांगते. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगावर दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करण्याची पद्धत झपाट्याने रूढ झाली. छेद लहान, रक्तस्राव कमी, रुग्ण लवकर घरी. आणखी काय हवे, असे कोणालाही वाटेल. 2018 मध्ये 631 स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत 96.5 टक्के होते, तर नव्या पद्धतीत 86 टक्के. लवकर घरी गेलेली स्त्री शस्त्रक्रियागृहातील सर्वांना दिसते. काही वर्षांनी आजार उलटलेली स्त्री बहुधा दुसऱ्याच दारात उभी असते.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवातले. आमच्या विभागात सेप्सिसची, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेची, पूर्वसूचना देणारी संगणकप्रणाली बसवली गेली. पडद्यावर सूचनेची चौकट उघडली की ती बंद करण्यासाठी एक कारण निवडावे लागे, आणि यादीतला पहिला पर्याय होता "लक्षात घेतले". एका हातात औषधाची सिरिंज असलेली परिचारिका दुसऱ्या हाताने तोच पर्याय दाबून पुढे जाई. महिन्याच्या अहवालात मात्र सूचनांना प्रतिसाद उत्तम असल्याचे दिसे, कारण दाबलेले प्रत्येक बटण म्हणजे प्रतिसाद असे धरले जात होते. किती सूचना खऱ्या ठरल्या आणि किती रुग्ण सूचनेविनाच अत्यवस्थ झाले, याची नोंद ठेवा असे मी बैठकीत म्हटले, तेव्हा मला नव्याला विरोध करणारी ठरवण्यात आले. आपले शब्द मला इतके का लागले, हे आता कदाचित आपल्या ध्यानात येईल.

2021 मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी शेकडो रुग्णालयांत वापरात असलेल्या अशाच एका प्रणालीची स्वतंत्र तपासणी प्रसिद्ध केली. एकूण दाखल रुग्णांपैकी 18 टक्क्यांबाबत तिने सूचना दिल्या होत्या, आणि तरीही सेप्सिस झालेल्यांपैकी 67 टक्के तिच्या नजरेतून निसटले होते. उत्पादकाने सांगितलेली अचूकता याहून बरीच जास्त होती. ही तपासणी प्रणाली सर्वत्र बसवण्याआधी झाली असती तर कोणाचे काय बिघडले असते, हे आपण सांगावे.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. नियामकाची मान्यता पुरेशी असती, तर धातूवर धातू घासणारे कृत्रिम खुबे परत मागवावे लागले नसते. अमेरिकेत अशी अनेक उपकरणे आधीच्या उपकरणाशी साम्य दाखवून, नव्या चाचणीविना बाजारात आली, आणि त्यांतल्या एका बहुचर्चित खुब्याचा दोष सर्वप्रथम उठून दिसला तो ऑस्ट्रेलियाच्या सांधेरोपण नोंदवहीत. किमतींचा प्रश्न माझ्या लेखाचा विषयच नव्हता. आणि तंत्रज्ञानविरोधी म्हणाल, तर ज्या बाईने आयुष्यभर व्हेंटिलेटर आणि मॉनिटर यांच्याच भरवशावर रुग्ण सांभाळले, तिला हे विशेषण लावण्यापूर्वी आपण लेख निदान शेवटपर्यंत वाचायला हवा होता. मी थांबा म्हटलेलेच नाही. नवे उपकरण आधी मोजक्या विभागांत घ्यावे, जुन्या पद्धतीशी तुलना चालू ठेवावी, प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी आणि आकडे विरुद्ध गेले तर उपकरण परत करण्याची अट करारातच असावी, असे मी लिहिले आहे. यातल्या एकाही सूचनेबद्दल आपल्या प्रतिक्रियेत चकार शब्द नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. पण पुन्हा लिहाल तेव्हा कोणते उपकरण, कोणत्या रुग्णांवर, कशाच्या तुलनेत आणि किती काळ पाहिले, एवढे लिहा. त्याला मी सविस्तर उत्तर देईन.