मालक नको, भटारखान्याचे प्रमुख व्हा

कॅसिनो-हॉटेल काढायचं मनात आलंय? उत्तम. फक्त एक पथ्य पाळा: चारचौघांत मालक म्हणून मिरवू नका.

अमेरिकन माफिया टोळीतल्या बग्झी सीगलला मिरवायचं होतं. लास व्हेगासमध्ये 'फ्लमिंगो' उभारताना त्याने ज्यांचे पैसे लावले, ते हिशेब मागायला नोटीस पाठवणारे लोक नव्हते. खर्च साठ लाख डॉलरच्या घरात गेला. २६ डिसेंबर १९४६ ला थाटात उद्घाटन झालं. जुगाराची टेबलं सज्ज, राहायच्या खोल्या मात्र अर्धवट. पाहुणे जिंकले आणि पैसे खिशात घालून झोपायला दुसऱ्या हॉटेलांत गेले. (आपल्याकडे साधं मंगल कार्यालय ठरवतानाही वऱ्हाडाच्या गाद्या आधी मोजतात.) २० जून १९४७ च्या रात्री बेव्हर्ली हिल्समध्ये सोफ्यावर बसलेल्या सीगलला खिडकीतून गोळ्या घातल्या. मारेकरी काही सापडला नाही. फ्लमिंगोचे नवे कारभारी मात्र त्याच रात्री गल्ल्यावर हजर.

म्हणून गुरू करायचा तर त्याच टोळीविश्वाचा हिशेबी मेंदू, मायर लॅन्स्की याला करा. क्युबात हुकूमशहा बातिस्ताच्या सरकारने १९५५ मध्ये सोय करून ठेवली होती: नव्या हॉटेलात दहा लाख डॉलर घाला, कॅसिनोचा परवाना घ्या. डिसेंबर १९५७ मध्ये हवानात 'रिव्हिएरा' उघडलं. सूत्रं सगळी लॅन्स्कीच्या हातात. कागदावर हे गृहस्थ भटारखान्याचे प्रमुख! आता आमटीत मीठ कमी पडलं म्हणून कुणी कोर्टात खेचतं का?

भांडवलाची काळजी नको. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरांच्या टीमस्टर्स युनियनचा पेन्शन फंड होता. त्यातून व्हेगासच्या कॅसिनोंना कोट्यवधी डॉलरची कर्जं गेली. म्हातारपणाची पुंजी ड्रायव्हरची, झुंबरं तुमची. पतपेढीत ठेवी अडकलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

कमाईचं तंत्रही तुम्हाला नवं नाही. रोकड मोजायच्या खोलीत, सरकारी हिशेबात चढण्याआधीच, वरची मलई काढायची आणि बॅगेतून शिकागो, कॅन्सस सिटीच्या टोळीप्रमुखांकडे रवाना करायची. व्हेगासच्या 'स्टारडस्ट' कॅसिनोत तर जुगाराच्या मशीनमधली नाणी वजनावर मोजत आणि काटाच कमी दाखवेल असा बसवलेला. उसाच्या गाड्या घेऊन कारखान्यावर गेलेल्या शेतकऱ्याने ही काटामारी बाहेरूनच ओळखली असती.

त्याच स्टारडस्टचा कारभार पाहणाऱ्या फ्रँक रोझेंथलला परवाना मिळेना. मग काय, कधी तो खाण्यापिण्याच्या विभागाचा प्रमुख, कधी करमणुकीचा! करमणूक अंगात इतकी भिनली की स्वतःचा टीव्ही शो काढला. पथ्य मोडलंच. १९८२ मध्ये त्याच्या कॅडिलॅकखाली बॉम्ब फुटला आणि ड्रायव्हरच्या सीटखालच्या धातूच्या पत्र्याने जीव वाचवला. तेव्हा गाडी घेताना मायलेज नंतर विचारा.

पुढेमागे इज्जत हवीशी वाटली, तर दवाखाना बांधा. क्लीव्हलँडचे जुने दारू-तस्कर मो डॅलिट्झ यांनी व्हेगासमध्ये 'डेझर्ट इन' चालवलं, इस्पितळाच्या उभारणीला हातभार लावला आणि म्हातारपणी समाजसेवेचे पुरस्कार घेतले.

राहता राहिला राजाश्रय. तो तेवढा टिकाऊ बघून घ्या. १ जानेवारी १९५९ ला क्युबातल्या क्रांतीपुढे बातिस्ता पळाला, लोक कॅसिनोंत घुसले आणि रिव्हिएराच्या चकचकीत लॉबीत कुणीतरी गाडीभर डुकरं आणून सोडली. भटारखान्याच्या प्रमुखांना माल इतका ताजा, तोही घरपोच, याआधी कधी मिळाला नसेल.