पॅनेलला हात लावू नये

गुरुजी, आपल्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत ७५ इंची इंटरअॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटानं चालणारा फळ्याएवढा पडदा आला, अभिनंदन! म्हणून लगेच शिकवायला घेऊ नका. आधी उद्घाटन. कडेचा प्लास्टिकचा कागद काढायचा नाही. पुढच्या तपासणीलाही वस्तू नवीकोरी दिसली पाहिजे.

सरपंचांना बोटानं ‘श्री’ लिहायला सांगा, पण बाह्या दुमडून. बहुतेक पॅनेलांच्या चौकटीतून काचेवर इन्फ्रारेड किरणांची जाळी पसरलेली असते, डोळ्यांना न दिसणारी. किरण अडला की तिथं स्पर्श झाला, एवढंच यंत्राला कळतं. अडवणारं बोट आहे, झब्ब्याची बाही आहे की कोपऱ्यात बसलेली माशी, याची चौकशी ते करत बसत नाही. तेव्हा ‘श्री’ला मधूनच शेपूट फुटलं, तरी टाळ्या थांबू द्यायच्या नाहीत.

मग पेन कपाटात आणि किल्ली तुमच्या खिशात. पॅनेल एका वेळी वीस बोटं ओळखतं, असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. ही वीसही केंद्रप्रमुख साहेबांसाठी राखून ठेवावीत. (साहेबांना दहाच आहेत, तो भाग वेगळा.) मुलांचं काय? हाताची घडी, तोंडावर बोट! स्पर्शानं शिकायचं तंत्रज्ञान आहे ना, मग बोट कुठंतरी टेकलेलं असलं म्हणजे झालं.

धोका आहे तो बाईंकडून. अपूर्णांक शिकवताना पडद्यावर भाकरी काढतील, तिचे चार तुकडे करतील आणि एखाद्या पोरीला म्हणतील, “ये, पाऊण भाकरी तू वेगळी कर.” पोरगी आधी दोनच तुकडे सरकवेल, वर्ग ओरडेल, ती आणखी एक ओढून घेईल आणि पाऊण म्हणजे किती ते तिला कायमचं समजेल. हे एकदा झालं की पोरं रोज मागतात. त्यापेक्षा व्हिडिओ लावून द्या. कोणी उठत नाही, काच स्वच्छ राहते.

काच स्वच्छ म्हणजे अगदी राहीलच असं नाही. तीस वर्षांची सवय, कोणीतरी पक्क्या शाईच्या मार्करनं तारीख लिहिणारच. तेव्हा ब्लेड घेऊन धावू नका. त्याच अक्षरांवरून पांढऱ्या फळ्याचा मार्कर फिरवा आणि मऊ फडक्यानं पुसा, निघून जातं. लॅपटॉप जोडल्यावर चित्र दिसतं पण टच चालत नाही, अशी तक्रार मात्र लेखी करावी. टचसाठी यूएसबीची वेगळी वायर लागते आणि ती खोक्यातच असते, हे तालुक्याहून माणूस येऊन सांगेपर्यंत निदान पत्रव्यवहार तरी चालू राहतो.

१९८७ मध्ये ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ आलं, तेव्हा प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा द्यायचं ठरलं होतं. २०१९ मध्ये ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ जाहीर झालं. मधल्या काळात तिसऱ्या शिक्षकासाठी केलेला अर्ज अडकला असेल, तर नवा करा. या वेळी पॅनेलवर, बोटानं.

राहता राहिलं वीजबिल. सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशांतून, भागलं तर भागलं. नाहीतर जोडणी तोडायला वायरमन येईलच. त्याला पॅनेलसमोर उभं करून फोटो घ्या आणि अहवालात ‘लाभ घेतलेले ग्रामस्थ’ या रकान्यात एक आकडा वाढवा.