महाग तेच गुणकारी? त्या मेसेजला उत्तर

गेले पंधरा दिवस आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘तब्येतीत पैशाकडे पाहू नका. अमेरिका सगळ्यात जास्त खर्च करते म्हणून तिथली माणसं जास्त जगतात. ब्लॉकेज दिसला की लगेच स्टेंट टाका. दरवर्षी फुल बॉडी चेकअप करा. स्वस्त उपचार म्हणजे जिवाशी खेळ.’ दवाखान्याचं बिल भरायला लोक शेत गहाण टाकून नागपुरात येतात. इथेच हा मेसेज हात जोडून पुढे पाठवला जातो, याचा मला राग येतो.

अमेरिकेचं आधी उरकते. देशाच्या उत्पन्नाचा सुमारे सहावा हिस्सा ती आरोग्यावर घालते. जपान त्याहून बराच कमी घालतो, आणि जपानी माणूस सरासरी काही वर्षं जास्तच जगतो.

स्टेंटचं, म्हणजे हृदयाची तुंबलेली धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचं, मात्र नीट सांगायला हवं. हार्ट अटॅक आला असेल तर अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडणं) जीव वाचवते, तिथे क्षणही दवडू नका. माझ्या मामांचं तसं नव्हतं. जिना चढताना छाती भरून यायची, बसलं की थांबायची. अँजिओग्राफीच्या (हृदयाच्या धमन्यांच्या तपासणीच्या) टेबलावरच त्यांना विचारलं, “टाकून घ्यायचा का?” मामी बाहेर एफडीच्या पावत्या मुठीत धरून उभी.

अशाच, अटॅक नसलेल्या ५,१७९ पेशंटांवर भारतासह ३७ देशांत ‘इस्केमिया’ नावाची चाचणी झाली. निष्कर्ष २०२० साली छापून आले. निम्म्यांना औषधांबरोबर स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. साधारण तीन वर्षांत पहिल्या गटातले १४५ जण गेले, दुसऱ्यातले १४४. स्टेंटने छातीचं दुखणं कमी होतं हे खरं. गोळ्या घेऊनही ज्याला चालवत नाही त्याने जरूर विचार करावा. डाव्या मुख्य धमनीत ब्लॉकेज असलेले या चाचणीत नव्हते, त्यांचं वेगळं. पण बाकीच्यांना ‘आत्ताच टाका, नाहीतर जीव जाईल’ म्हणणं चूक आहे. मामा गोळ्यांवर आहेत, रोज अंबाझरीला फिरायला जातात. अर्थात एकटे मामा म्हणजे पुरावा नव्हे, पुरावा वरचे आकडे.

आणि किमतीवरून गुण ठरतो म्हणता, तर फेब्रुवारी २०१७ आठवा. सरकारने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली. आदल्या दिवशीपर्यंत तसेच स्टेंट लाखाच्या वर विकले जात होते. एका रात्रीत त्यांचा गुण उतरला का?

चेकअपच्या पॅकेजबद्दल एवढंच: जवळपास अडीच लाख लोकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सरसकट तपासण्यांनी मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. बीपी आणि शुगर मोजत राहा, त्याला पॅकेज लागत नाही.

उरला ‘जिवाशी खेळ’. आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकून गेलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावचीच बाई आरोग्यदूत केली. ती बाळंतिणीच्या घरी जायची, बाळाचं वजन करायची, ते उबेत ठेवायला शिकवायची, जंतुसंसर्ग ओळखून घरीच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायची. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू अशी बाई नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. खर्च बाळामागे साधारण पाच डॉलर. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळ बघायला घरोघरी जातात, त्या याच कामाच्या आधारावर.