‘स्लीव्ह फसली तर बायपास आहेच’: एका संदेशाचा प्रतिवाद

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांविषयीचा एक मराठी संदेश व्हॉट्सॲपवर बराच फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या गटांतून आला. तिसऱ्यांदा तो पाठवणारी माझी मावसबहीण स्वतःच शस्त्रक्रियेची तारीख घेऊन बसली होती, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचा सारांश असा: आधी स्लीव्ह (जठर कापून अरुंद करण्याची शस्त्रक्रिया) करून घ्या, ती साधी असते. वजन परत वाढले म्हणजे ती फसली, मग तिचा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) करता येतो. ही दुसरी शस्त्रक्रिया पहिल्यासारखीच असते आणि वजन पुन्हा तितकेच उतरते. ॲसिडिटी झाली तर गोळी घ्यायची. बायपास कोणताही केला तरी फरक पडत नाही, आणि विमा दोन्ही वेळा पैसे देतो.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. एका प्रकारच्या शस्त्रक्रियेचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर होते, ते जगभर केले जाते आणि योग्य रुग्णात त्याचा चांगला उपयोग होतो. माझा आक्षेप रूपांतराला नाही. ते जणू खिशात ठेवलेले जादा तिकीट आहे, असे सांगून पहिल्या निर्णयातली काळजी काढून घेतली जाते, त्याला आहे.

‘स्लीव्ह ही पहिली पायरी’ या कल्पनेचा उगम खरा आहे, म्हणूनच ती पटते. स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या वळणाकडचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. ही कृती मुळात जठर अरुंद करून शिवाय आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या ड्युओडिनल स्विच नावाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा एक भाग होती. २०००च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅन्ये आणि त्यांचे सहकारी ती मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करू लागले, तेव्हा ६०च्या वर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) असलेल्या रुग्णांना एका बैठकीत एवढी लांब शस्त्रक्रिया झेपत नाही, असे दिसले. म्हणून त्यांनी तिचे दोन टप्पे केले: आधी फक्त जठर अरुंद करायचे, वजन काहीसे उतरून भुलीचा धोका कमी झाला की आतड्याचा भाग करायचा. पुढे असे आढळले की पहिल्याच टप्प्यात काही जणांचे वजन इतके उतरते की दुसऱ्याची गरज उरत नाही. त्यातून स्लीव्ह स्वतंत्र शस्त्रक्रिया झाली. मात्र त्या रुग्णांचा दुसरा टप्पा पहिल्या दिवसापासून ठरलेला होता, आणि तो ठरवण्यामागे धोका कमी करण्याचा हेतू होता. ४० बीएमआयच्या माणसाला ‘आत्ता सोपे करू, नंतरचे नंतर बघू’ असे सांगणे ही निराळी गोष्ट आहे. शिवाय कापलेला भाग शरीराबाहेर जातो, तो परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराचा मोठा भाग वापराबाहेर ठेवला तरी पोटातच राहतो. ज्या शस्त्रक्रियेत परतीची वाट बंद होते, तिला नुसती ‘साधी’ म्हणणे मला पटत नाही.

हाच युक्तिवाद याआधी एकदा बँडबाबत होऊन गेला आहे. जठराच्या वरच्या भागाभोवती बसवायच्या, हवा तसा घट्ट-सैल करता येणाऱ्या पट्ट्याला अमेरिकेत २००१मध्ये परवानगी मिळाली. त्या वेळीही ‘काही कापत नाही, नाही जमले तर काढून टाकू’ हेच त्याचे मोठे आकर्षण होते. पुढे मेडिकेअर या तिथल्या सरकारी विमा योजनेतील, २००६ ते २०१३ या काळात बँड बसवलेल्या सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सरासरी साडेचार वर्षांत १८.५ टक्के लोकांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली होती. त्यांच्यापैकी प्रत्येकावर सरासरी ३.८ जादा प्रक्रिया झाल्या. बँडसंबंधी प्रक्रियांवर मेडिकेअरने जे पैसे दिले, त्यातले जवळजवळ निम्मे या पुन्हाच्या कामावर गेले. नंतर काढता येते या भरवशावर घेतलेल्या निर्णयाची किंमत पुढे कोण आणि किती वेळा मोजतो, ते या आकड्यांत दिसते. स्लीव्ह बँडपेक्षा पुष्कळ चांगली टिकते, हे इथेच नोंदवतो. युक्तिवाद मात्र तोच आहे.

आता ‘वजन वाढले म्हणजे शस्त्रक्रिया फसली’ हे विधान. स्वीडनमधील लठ्ठपणाच्या दीर्घकालीन अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते, दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली आणि पंधरा वर्षांनी २७ टक्के होती. म्हणजे तळ गाठून थोडे वर येणे हा सर्वसाधारण प्रवास आहे, आणि तो बायपासमध्येही होतो. एक हिशेब मांडून पाहू. समजा, १५८ सेंटिमीटर उंचीच्या बाईंचे वजन ११० किलो होते, म्हणजे बीएमआय ४४. स्लीव्हनंतर ते ७८ किलोवर आले आणि चार वर्षांनी ८६ झाले. त्यांना आरशात आठ किलो वाढलेले दिसतात, शेजारणीलाही तेवढेच दिसतात. प्रत्यक्षात त्या मूळ वजनाच्या सुमारे २२ टक्के खालीच आहेत. त्यांची साखर आटोक्यात असेल आणि गुडघे चालत असतील, तर या बाईंना ‘फसलेली केस’ म्हणणे चूक आहे, आणि त्यांना लगेच शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणे त्याहून मोठी चूक आहे.

वजन खरोखरच खूप वाढले असेल तर आधी कारण शोधावे लागते. जठराचा वरचा घुमटासारखा भाग पहिल्या वेळी पुरेसा काढला गेला नव्हता का, नळी कालांतराने रुंदावली का, की नळी उत्तम आहे आणि खाण्याचा प्रकार बदलला? हे एंडोस्कोपी, औषध पाजून काढलेला एक्स-रे किंवा सीटी स्कॅन आणि आहाराची प्रामाणिक नोंद यांवरून कळते. अरुंद नळी भाकरी-भाजीला अडवते. आमरस, आइस्क्रीम, गोड चहा आणि तोंडात विरघळणारे फरसाण यांना ती अडवत नाही. दिवसभर थोडे थोडे असे पोटात जात असेल, तर त्यावर बायपास हे उत्तर नाही. मनोविकाराची नवी औषधे, थायरॉइडचा विकार, रजोनिवृत्ती, सुटलेले चालणे हीसुद्धा कारणे असतात. संदेशात यातले एकही नाही.

दुसरी शस्त्रक्रिया पहिल्यासारखी असते, या विधानाला छिद्रे त्याच जागी असतात एवढाच आधार आहे. पोटाच्या आत चित्र बदललेले असते. जठर यकृताच्या खालच्या पृष्ठभागाला, कधी प्लीहेला आणि स्वादुपिंडाला चिकटलेले असते, आणि ते आधी सोडवावे लागते. पहिल्या वेळी जठराच्या बाहेरच्या वळणाकडच्या रक्तवाहिन्या कापलेल्या असतात. उरलेली नळी मुख्यतः आतल्या वळणाकडच्या रक्तपुरवठ्यावर जगते, म्हणून तिथे हात सांभाळून चालवावा लागतो. जुन्या स्टेपलच्या रेषेजवळ ऊती जाड आणि व्रणयुक्त असतात. तिथे नवा छेद आणि नवा जोड येतो, त्यामुळे जोडातून गळती, रक्तस्राव आणि जोड अरुंद होणे यांचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. बँड काढून दुसरी शस्त्रक्रिया करायची असेल, तर बरेच सर्जन आधी बँड काढून ऊतींना काही महिने विसावू देतात आणि मगच पुढचे काम करतात, ते याच कारणाने. अनुभवी हातांत ही शस्त्रक्रिया सुरक्षितपणे होते, परंतु म्हणूनच ‘तुम्ही रूपांतराच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?’ हा प्रश्न सर्जनला विचारणे रास्त आहे, आणि त्यात उद्धटपणा नाही.

वजन पुन्हा तितकेच उतरेल ही अपेक्षा तर सरळ चुकीची आहे. स्लीव्हनंतर केलेल्या बायपासने उतरणारे वजन हे पहिल्यांदाच केलेल्या बायपासपेक्षा सर्वसाधारणपणे कमी असते. भुकेशी संबंधित घ्रेलिन या संप्रेरकाचा मोठा स्रोत असलेला जठराचा भाग आधीच गेलेला असतो, खाण्याचे प्रमाण आधीच घटलेले असते, आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकलेले असते. वजन हेच एकमेव कारण असेल, तर आतड्याचा अधिक भाग वगळणाऱ्या ड्युओडिनल स्विचसारख्या शस्त्रक्रिया जास्त उतार देतात. त्यांच्याबरोबर प्रथिनांची आणि जीवनसत्त्वांची कमतरताही जास्त येते.

संदेशाने सर्वांत उलटे सांगितले आहे ते ॲसिडिटीबद्दल, आणि इथे जरा थांबून बोलायला हवे. स्लीव्हनंतर नळीतला दाब वाढतो, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप कमजोर होऊ शकते, आणि आम्ल वर चढते. स्वित्झर्लंडमधील एका चाचणीत पाच वर्षांनी जळजळीचा त्रास स्लीव्हच्या गटात ३१.८ टक्के रुग्णांत वाढलेला आढळला, तर बायपासच्या गटात ६.३ टक्क्यांत. फिनलंडमधील २४० रुग्णांच्या चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२मध्ये आले: अन्ननलिकेचा दाह स्लीव्हनंतर ३१ टक्के रुग्णांत होता, बायपासनंतर ७ टक्के. अन्ननलिकेच्या अस्तरातला बॅरेट नावाचा बदल, जो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, तो मात्र दोन्ही गटांत ४ टक्केच होता. म्हणून स्लीव्ह झालेल्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

गोळी आम्ल कमी करते, पण वर येणारा प्रवाह थांबवत नाही. कित्येकांची जळजळ गोळीने शमते आणि दाह आत चालूच राहतो, तर काहींना जळजळ जाणवतच नाही. म्हणूनच आयएफएसओ या लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने, आणि स्लीव्ह झालेल्यांनी त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एंडोस्कोपी करावी, असे सुचवले आहे. आणि गंमत अशी की, गोळीला न जुमानणारी जळजळ हेच स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करण्याचे सर्वांत भक्कम कारण आहे. त्या रुग्णांपैकी बहुतेकांना आराम पडतो. ज्या कारणासाठी ही शस्त्रक्रिया उत्तम चालते त्यासाठी संदेश गोळी सुचवतो, आणि जिथे तिचा लाभ माफक आहे तिथे शस्त्रक्रिया! ज्याला आधीपासूनच तीव्र जळजळ किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकणे) आहे, त्याने तर पहिल्याच वेळी बायपासचा विचार करावा. माझ्या मावसबहिणीला जळजळीमुळे रात्री दोन उशा घेऊन झोपावे लागते. ही गोष्ट तिने सर्जनला सांगितलीच नव्हती, कारण विचारलेच नव्हते.

आणि बायपास कोणताही चालतो असेही नाही. रू-एन-वाय या पद्धतीत आतड्याचे दोन जोड असतात आणि पित्त जठराच्या छोट्या पिशवीपासून दूर वळवले जाते. आपल्याकडे ‘मिनी बायपास’ या नावाने रूढ असलेल्या पद्धतीत जोड एकच असतो, त्यामुळे पित्त पिशवीजवळून जाते. जळजळीसाठीच रूपांतर करायचे असेल तर म्हणूनच सहसा रू-एन-वाय निवडतात. फ्रान्समधील एका चाचणीत या दोन पद्धतींची तुलना झाली, तेव्हा वजनाच्या बाबतीत एकेरी जोड कमी पडला नाही, पण पोषणाशी निगडित नऊ गंभीर गुंतागुंती त्याच गटात झाल्या आणि दुसऱ्या गटात एकही झाली नाही. दोन्हींत लोह, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. ज्या घरात मांस-मासे-अंडी वर्ज्य आहेत, तिथे प्रथिने आणि बी-१२ यांचा हिशेब शस्त्रक्रियेआधीच मांडायला हवा. वाटीभर वरणात तो बसत नाही.

संदेशाने औषधांचा उल्लेखच टाळला आहे. लंडनमधील एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर पुरेसे वजन न उतरलेल्या ७० जणांपैकी ज्यांना रोज लिराग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले, त्यांचे वजन २४ आठवड्यांत सरासरी ८.८ टक्क्यांनी घटले. औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ इंजेक्शनच्या गटात जेमतेम अर्धा टक्का. २०२५मध्ये भारतात टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही याच प्रकारची औषधेही आली. औषध बंद केले की वजन परत येते आणि खर्च चालूच राहतो, हे खरेच. तरी पोट दुसऱ्यांदा उघडण्याआधी हा पर्याय डॉक्टरांशी बोलून घेण्यासारखा आहे.

राहिला विमा. भारतीय विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार वय किमान १८, बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ आणि त्यासोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणे) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह अशी गंभीर सहव्याधी, शिवाय कमी त्रासाचे उपाय निष्फळ ठरलेले असणे, अशी चौकट आहे. वरच्या हिशेबातल्या बाई ८६ किलोवर असताना त्यांचा बीएमआय ३४.४ येतो, म्हणजे त्या या चौकटीबाहेर आहेत. जळजळीने त्रस्त, पण बारीक झालेल्या रुग्णाची फाइल लठ्ठपणाची समजायची की पोटाच्या विकाराची, यावरही वाद होऊ शकतो. म्हणून तारीख घेण्याआधी कंपनीकडून पूर्वमंजुरी लेखी मागावी, आणि डॉक्टरांच्या पत्रात रूपांतराचे वैद्यकीय कारण व तपासण्यांचे निष्कर्ष स्पष्ट असावेत.

ज्यांची स्लीव्ह झालेली आहे त्यांनी एक कागद आजच शोधून ठेवावा. डिस्चार्ज कार्डावर बहुधा ‘लॅप स्लीव्ह’ एवढेच लिहिलेले असते. पुढच्या सर्जनला मात्र नळीचे माप, हायटस हर्निया होता का आणि तो शिवला का, स्टेपलची रेषा कशी मजबूत केली, यांची नोंद लागते. ती शस्त्रक्रियेच्या तपशीलवार अहवालात असते आणि रुग्णाला मागून घेता येते. मावसबहिणीने तारीख पुढे ढकलली आहे. आधी एंडोस्कोपी करायची असे ठरले आहे.