सनई मागितली, टिंग टिंग मिळाली

काल रात्री पावणेदोनला संगीत लिहायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या धुनेचं नोटेशन भरून संपवलं, वरच्या ओळीला सनई लावली, स्पेसबार दाबला आणि टिंग टिंग टिंग. पैंजण घालून मांजर पळावी तसं.

मिडी म्हणजे कुठलं वाद्य, कुठला सूर ते संगणकाला सांगायची भाषा. तिच्या वाद्यांच्या यादीत सनई ११२ नंबरला. (तिथे ती 'शनाई' आहे, पण ते सोडा.) मी इमानदारीत ११२ टाकले. पण हे शहाणं सॉफ्टवेअर मोजतं शून्यापासून! म्हणजे याचा ११२ तो यादीतला ११३, आणि ११३ला बसलीय टिंकल बेल. अरे, पहिल्या बोटाला शून्य कोण म्हणतं? आणि हे लिहिलंय कुठे? यादीच्या डोक्यावर नाही, सेटिंग्जमध्ये नाही. हेल्पच्या पार तळाशी, मुंगीच्या अक्षरात.

ती यादी तरी काय दिव्य! १९९१ साली ठरवलेले १२८ आवाज. त्यात हेलिकॉप्टर आहे, टाळ्या आहेत, फोनची रिंग आहे, बंदुकीचा बार आहे. सारंगी नाही. हेलिकॉप्टरसाठी कोण धून लिहितं, मला भेटायचंय त्याला.

मग म्हणे साउंडफॉन्ट घाला, म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या वेगळ्या फाइली. घातले ना! याआधीच्या सॉफ्टवेअरला त्यांतला एसएफटू हा प्रकार चालायचा, एसएफझेड नाही, आणि मला हवी ती हर्डी-गर्डी (चाक फिरवून वाजवायचं तंतुवाद्य) नेमकी एसएफझेडमध्ये. त्याच्या आधीचं म्युझिकएक्सएमएल (एका सॉफ्टवेअरमधलं नोटेशन दुसऱ्यात न्यायची फाइल) उघडायचं आणि सरसकट पियानो करायचं. बासरी? पियानो. बॅगपाइप? पियानो. एकाने तर माझ्या दहाव्या ओळीतल्या चेलोचा ड्रमसेट केला, कारण मिडीत दहावा चॅनेल तालवाद्यांचा. आणि मींड? पिच बेंड, म्हणजे सूर सरकवायची सोय, मुळात दोन सेमीटोनांचा, सा ते शुद्ध रे एवढाच. सेटिंग शोधून वाढवला नाही, तर सा वरून म ला निघालेली मींड अर्ध्या वाटेच्या आतच बसकण मारते.

बरं, धून केवढी? सोळा बार. सॉफ्टवेअर निवडण्यात गेले तीन आठवडे. तेवढ्यात खऱ्या सनईतून निदान एक फूं तरी काढली असती मी. तुलनेसाठी एक्सेलमध्ये तक्ताही केलाय, सव्वीस रकान्यांचा, रंगीत. 'धून पूर्ण' हा रकाना त्यात नाही.

पहाटे १११ टाकले. वाजली एकदाची सनई. सर्दी झालेल्या डासासारखी.

मुकाट्याने परत ११२ केले.