कॅडबरी नाक्यावरून बोर्नव्हिलला

शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद: घराण्यानं उभी केलेली कंपनी परक्यांना विकावी का? मी बर्मिंगहॅमला राहतो, म्हणून मला मध्ये ओढलं. "तुमच्या कॅडबरीचं काय झालं, बघितलंस ना?"

तुमच्या कसली, आमच्या ठाण्याची! कॅडबरीचा कारखाना तिथेही, नाक्याला नावही त्याचंच. वागळे इस्टेटहून येताना कंडक्टर "कॅडबरीऽ, कॅडबरी" ओरडायचा, आणि वारा बरा असला तर खिडकीतून गोडसर वास यायचा. खिशात पैसे नसताना तेवढाच.

1824 साली जॉन कॅडबरीनं इथे बर्मिंगहॅमला बुल स्ट्रीटवर दुकान काढलं. चहा, कॉफी, पिण्याचं चॉकलेट. रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांनी 1879 साली कारखाना शहराबाहेर बोर्नव्हिलला हलवला. 2010 मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टनं सगळं विकत घेतलं. ब्रिस्टलजवळचा कारखाना चालू ठेवू म्हणाले होते. ताबा मिळाल्यावर आठवड्याभरात तो बंद करायचं जाहीर केलं. इथली म्हातारी माणसं अजून त्यावरून तडकतात.

मला मात्र जमिनीची गोष्ट जास्त मोठी वाटते. जॉर्जनं 1900 सालीच बोर्नव्हिलची 330 एकर जमीन आणि त्यावरची 313 घरं एका ट्रस्टच्या नावे करून टाकली. म्हणून क्राफ्टच्या हाती कारखाना गेला, वस्ती नाही. तिथल्या हिरवळीवर मी रविवारी लेकीला सायकल शिकवतो. (संतबिंत नव्हते हं ते. गावात दारूचं दुकान नको, इथवर ठीक. पण लग्न झालं की बाईनं नोकरी सोडायची, हाही नियम त्यांचाच.)

आपल्याकडे कंपनी जाते आणि नाव तेवढं उरतं. ठाण्यातले नाकेच बघा: नितीन कंपनी, गोल्डन डाइज... रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की पुरतं. बाबांच्या कंपनीचा मालक तर अस्सल मराठी माणूस. कंपनी बंद पडली, देणी मिळायला नऊ वर्षं गेली. त्या जागेवर टॉवर मात्र तीन वर्षांत उभा राहिला.

मालक देशी की परदेशी यावर कसले भांडता, आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा, असं मी ग्रुपवर लिहिलं. दोन तास कुणी काही बोललं नाही. मग एकानं त्याच टॉवरमधल्या टू बीएचकेचा भाव टाकला. त्याला सतरा अंगठे.